छोट्या टीव्ही चॅनेलला कॅप्शनची सक्ती नाही? अमेरिकेतल्या ३० लाख डॉलरच्या नियमाची गोष्ट

लोकलमध्ये बसून रील्स बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण आवाज बंद ठेवूनच बघतात. खाली अक्षरं पळत असतात, त्यामुळे काम भागतं. ही अक्षरं नसली तर आपण काय करतो? अंगठा वर सरकवतो आणि पुढचं रील बघतो.

ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्याकडे हा पर्याय नसतो. गावातल्या एकमेव चॅनेलवर पुराची बातमी सुरू असेल आणि खाली अक्षरं नसतील, तर त्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे नुसते हलणारे ओठ. अमेरिकेत सुमारे १५ टक्के प्रौढांना, म्हणजे जवळपास पावणेचार कोटी लोकांना, ऐकण्याचा काही ना काही त्रास आहे. त्यांच्यासाठी तिथे टीव्हीवर कॅप्शन देणं कायद्याने बंधनकारक आहे.

पण याच कायद्यात सवलतींची एक यादीही आहे, आणि तिच्यातली सगळ्यात जास्त चर्चेतली सवलत आहे छोट्या चॅनेलची. "आम्ही छोटे आहोत, आम्हाला नियम लागू नाही," असं म्हणून अनेक जण मोकळे होतात. खरंच असं म्हणून चालतं का? छोटं म्हणजे नेमकं किती छोटं? आणि सवलत मिळाली तर काय काय सुटतं? एकेक करून बघू.

आधी क्लोज्ड कॅप्शन म्हणजे काय?

चित्रपटाच्या पडद्यावर छापलेली अक्षरं सगळ्यांनाच दिसतात, ती बंद करता येत नाहीत. त्यांना ओपन कॅप्शन म्हणतात. क्लोज्ड कॅप्शन टीव्हीच्या सिग्नलमध्ये लपवून पाठवलेली असतात. ज्याला हवी असतील त्याने रिमोटवरून सुरू करायची, ज्याला नको असतील त्याने बंद ठेवायची.

सबटायटल आणि कॅप्शन यांतही थोडा फरक आहे. सबटायटल साधारणपणे भाषा न कळणाऱ्यासाठी असतात, त्यामुळे फक्त संवाद लिहिले जातात. कॅप्शन ऐकू न येणाऱ्यासाठी असतात. म्हणून त्यात "दार आपटल्याचा आवाज", "लोक हसतात", "दूरवर सायरन" असंही लिहिलेलं असतं.

अमेरिकन टीव्हीवर याची सुरुवात १९७२ मध्ये झाली. ज्युलिया चाइल्ड यांचा 'द फ्रेंच शेफ' हा स्वयंपाकाचा कार्यक्रम ओपन कॅप्शनसह दाखवला गेला. १९८० मध्ये क्लोज्ड कॅप्शनची नियमित सेवा सुरू झाली. पण ती बघायला टीव्हीला जोडायचा वेगळा डबा विकत घ्यावा लागे. १९९० मध्ये कायदा आला आणि जुलै १९९३ पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ही सोय आतच बसवणं बंधनकारक झालं.

आता टीव्ही तयार होता, पण त्यावर दिसणाऱ्या कार्यक्रमांना कॅप्शन असायलाच हवेत, असा नियम अजून नव्हता.

मग सक्ती कधी आली?

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने ती आणली. हा कायदा राबवण्याचं काम एफसीसीकडे, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, आलं. अमेरिकेत रेडिओ, टीव्ही, केबल आणि फोन यांच्यावर देखरेख ठेवणारी ही सरकारी यंत्रणा. एफसीसीने १९९७ मध्ये नियम बनवले, ते १ जानेवारी १९९८ पासून लागू झाले.

एका रात्रीत सगळं बदलणं शक्य नव्हतं, म्हणून टप्पे ठरले. १ जानेवारी २००६ पर्यंत सगळ्या नव्या इंग्रजी कार्यक्रमांना कॅप्शन, २०१० पर्यंत सगळ्या नव्या स्पॅनिश कार्यक्रमांना. १९९८ च्या आधीच्या जुन्या इंग्रजी कार्यक्रमांपैकी ७५ टक्क्यांना २००८ पर्यंत.

पण हे "सगळे" म्हणताना कायद्याने सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य केली होती. कॅप्शनला पैसे लागतात. थेट प्रक्षेपणाला तर प्रशिक्षित माणूस बसवावा लागतो, जो ऐकता ऐकता विशेष कीबोर्डवर टाइप करतो किंवा ऐकलेलं पुन्हा बोलून संगणकाकडून अक्षरं उमटवून घेतो. देशभर चालणाऱ्या नेटवर्कला हा खर्च जाहिरातींच्या मानाने किरकोळ असतो. पण चार-पाच माणसांवर चालणाऱ्या एखाद्या गावातल्या स्टेशनला तो जड जाऊ शकतो. कॅप्शनच्या खर्चाने स्टेशनच बंद पडलं, तर ऐकू येणारे आणि न येणारे दोघांचंही नुकसान. म्हणून सवलतींची यादी आली.

छोटं म्हणजे किती? तर ३० लाख डॉलर

एफसीसीचा नियम असा आहे : ज्या चॅनेलचं मागच्या कॅलेंडर वर्षातलं एकूण उत्पन्न ३० लाख डॉलरपेक्षा कमी आहे, त्या चॅनेलवर कॅप्शन करण्यासाठी पैसे खर्च करण्याची सक्ती नाही.

या एका वाक्यात तीन गोष्टी नीट बघायला हव्यात.

पहिली, इथे एकूण उत्पन्न मोजतात, नफा नाही. स्टेशन तोट्यात असलं तरी उत्पन्न ३० लाखांच्या वर असेल, तर ही सवलत मिळत नाही.

दुसरी, हिशेब दरवर्षीचा आहे. मागच्या वर्षी ३० लाखांच्या आत होता म्हणून यंदा सूट मिळाली. यंदा निवडणुकीच्या जाहिराती भरपूर आल्या आणि आकडा ओलांडला, तर पुढच्या वर्षी सूट नाही.

तिसरी, हिशेब कंपनीचा नाही, चॅनेलचा आहे. डिजिटल टीव्ही आल्यापासून एकच स्टेशन एका फ्रिक्वेन्सीवर तीन-चार उपचॅनेल चालवू शकतं. नियमात स्पष्ट म्हटलंय की अशा प्रत्येक उपचॅनेलचं उत्पन्न वेगळं धरायचं. त्यामुळे मुख्य चॅनेल कोट्यवधी डॉलर कमवत असेल आणि त्याच्याच शेजारच्या उपचॅनेलवर जुन्या मालिका लागत असतील, तर ते उपचॅनेल "छोटं" ठरू शकतं. मालक एकच, इमारत एकच, पण एका चॅनेलला सक्ती आणि दुसऱ्याला सूट.

या सवलतीसाठी आधी एफसीसीकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागत नाही. अट पूर्ण होत असेल तर ती आपोआप लागू होते. पण तक्रार आली तर आपण अटीत कसे बसतो, हे चॅनेललाच दाखवावं लागतं.

दोन टक्क्यांची मर्यादा

उत्पन्न ३० लाखांच्या वर गेलं की लगेच सगळा भार अंगावर पडतो का? तर तसंही नाही. त्यासाठी दुसरा नियम आहे. एखाद्या चॅनेलच्या मागच्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम कॅप्शनवर खर्च झाली, की त्यापुढे खर्च करण्याची सक्ती नाही.

उदाहरण घेऊ. एका चॅनेलचं उत्पन्न २९ लाख डॉलर. त्याने शून्य डॉलर खर्च केले तरी चालतं. दुसऱ्याचं उत्पन्न ३१ लाख डॉलर. त्याची मर्यादा ६२ हजार डॉलर. समजा, कॅप्शनचा खर्च तासाला १०० डॉलर धरला, तर ६२ हजारांत ६२० तास होतात, म्हणजे दिवसाला पावणेदोन तासांच्याही आत. तेवढं करून पुढचं सोडून दिलं तरी ते नियमात बसतं.

म्हणजे एखाद्या मध्यम चॅनेलवर संध्याकाळच्या बातम्यांना कॅप्शन दिसतात आणि दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमाला दिसत नाहीत, यामागे प्रत्येक वेळी आळसच असतो असं नाही. कधीकधी हिशेब तिथे संपलेला असतो.

कार्यक्रम छोटा, पण चॅनेल मोठा असेल तर?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. समजा, एका छोट्या संस्थेने रविवारी सकाळी मोठ्या चॅनेलवर अर्ध्या तासाची वेळ विकत घेतली आणि आपला कार्यक्रम दाखवला. संस्था गरीब आहे, कार्यक्रम बनवणारे दोघं-तिघं आहेत. त्यांना ३० लाखांची सूट मिळेल का?

नाही. कारण ती सूट चॅनेलच्या उत्पन्नावर आहे, कार्यक्रम बनवणाऱ्याच्या नाही.

अशांसाठी वेगळा रस्ता आहे. एफसीसीकडे अर्ज करायचा आणि दाखवून द्यायचं की कॅप्शनचा खर्च आम्हाला आर्थिकदृष्ट्या झेपणारा नाही. एफसीसी चार गोष्टी बघते : कॅप्शनचं स्वरूप आणि खर्च, त्याचा कामकाजावर होणारा परिणाम, अर्जदाराची आर्थिक ताकद आणि त्याचं काम कुठल्या प्रकारचं आहे. त्यासाठी जमाखर्चाची कागदपत्रं, कॅप्शन करून देणाऱ्यांचे दर, चॅनेलकडे किंवा प्रायोजकांकडे मदत मागितली का, याची माहिती द्यावी लागते. अर्ज जाहीर केला जातो, ३० दिवसांत कुणीही त्यावर हरकत घेऊ शकतं आणि अर्जदाराला उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. निकाल लागेपर्यंत त्या कार्यक्रमाला सूट असते.

मासेमारीच्या कार्यक्रमावरून झालेला वाद

या रस्त्यावरून एक मोठं प्रकरण झालं. २००६ मध्ये एफसीसीच्या ग्राहकविषयक विभागाने दोन धार्मिक संस्थांचे अर्ज मंजूर केले. त्यातली एक होती 'अँग्लर्स फॉर ख्राइस्ट मिनिस्ट्रीज'. अँग्लर म्हणजे गळ टाकून मासे पकडणारा. विभागाचं म्हणणं साधारण असं होतं की, संस्था ना-नफा आहे, कार्यक्रमातून तिला पैसे मिळत नाहीत आणि सक्ती केली तर कार्यक्रम बंद पडू शकतो, म्हणून सूट द्यावी.

मग याच निकालाचा आधार घेऊन जवळपास ३०० अर्जांना धडाधड मंजुरी मिळाली. त्यातले बहुतेक चर्च आणि ना-नफा संस्थांचे होते. प्रत्येकाची खरी आर्थिक स्थिती काय, हे वेगवेगळं तपासलंच गेलं नाही.

कर्णबधिरांच्या संघटनांनी याला हरकत घेतली. त्यांचा मुद्दा सरळ होता. ना-नफा असणं म्हणजे गरीब असणं नव्हे. कित्येक ना-नफा संस्थांकडे भरपूर पैसा असतो. कायद्यात ना-नफा संस्थांना सरसकट सूट द्या असं कुठेही लिहिलेलं नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये एफसीसीने हा मुद्दा मान्य केला, २००६ चा निकाल फिरवला आणि त्याच्या आधारावर दिलेल्या सवलती रद्द केल्या. ज्यांना सूट हवी असेल त्यांनी नव्याने, स्वतःचे आकडे दाखवून अर्ज करावा, नाहीतर कॅप्शन द्यावेत. तेव्हापासून नियम पक्का झाला : सूट हेतूवर नाही, आकड्यांवर मिळते.

यादीत आणखी कोण कोण आहे?

- रात्री २ ते सकाळी ६ या वेळेत दाखवलेले कार्यक्रम.
- नवं नेटवर्क सुरू झाल्यावर त्याची पहिली चार वर्षं.
- १० मिनिटांपर्यंतच्या जनहिताच्या सूचना आणि कार्यक्रमांच्या जाहिराती.
- ज्यात गाण्याचे शब्द नाहीत असे मुख्यतः वाद्यसंगीताचे कार्यक्रम.
- ज्यात मजकूर आधीच पडद्यावर लिहिलेला असतो असे कार्यक्रम.
- स्टेशनने स्वतः तयार केलेले, बातम्या नसलेले, पुन्हा दाखवण्यासारखे नसलेले स्थानिक कार्यक्रम. गावातली मिरवणूक किंवा शाळेचा सामना, असं काहीतरी.
- इंग्रजी आणि स्पॅनिश सोडून इतर भाषांतले बहुतेक कार्यक्रम.

शेवटची ओळ मराठी वाचकाच्या कामाची आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलाकडे गेलेल्या आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर तिथल्या इंग्रजी बातम्यांना कॅप्शन मिळतील. पण तिथे दिसणाऱ्या मराठी मालिकेला कॅप्शन देण्याची सक्ती त्या कायद्यात नाही, मग ते चॅनेल कितीही मोठं असो.

सूट असली तरी काय सुटत नाही?

आता ज्या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तो भाग.

एक, आधीपासून असलेले कॅप्शन काढता येत नाहीत. चॅनेलला सूट आहे ती स्वतःच्या खिशातून नवे कॅप्शन करण्यापासून. बाहेरून घेतलेला चित्रपट किंवा मालिका कॅप्शनसह आली असेल, तर ते कॅप्शन जसेच्या तसे प्रेक्षकापर्यंत पोचवावेच लागतात. एखादं छोटं चॅनेल "आम्हाला सूट आहे" म्हणत ते गाळत असेल, तर तो नियमभंग आहे.

दोन, आपत्तीची माहिती. टॉर्नेडो येतोय, धरणाचं पाणी सोडलंय, अमुक रस्त्याने बाहेर पडा, अशी माहिती आवाजात दिली जात असेल तर ती डोळ्यांना दिसेल अशीही द्यावी लागते. कॅप्शनने द्या, खाली सरकत्या पट्टीने द्या, नाहीतर फलकावर लिहून दाखवा. हा नियम वेगळा आहे आणि कॅप्शनची सूट मिळालेल्या छोट्या चॅनेललाही लागू आहे.

तीन, दुसरे कायदे. अमेरिकेत अनेक शहरांची नगर परिषद स्वतःचं केबल चॅनेल चालवते आणि सभा दाखवते. अशा चॅनेलचं उत्पन्न ३० लाखांच्या खूप खाली असतं, त्यामुळे एफसीसीची सूट मिळते. पण १९९० चा अपंगत्वविषयक कायदा सरकारी संस्थांना वेगळा लागू होतो. त्यानुसार अपंग नागरिकापर्यंत माहिती नीट पोचवणं ही नगर परिषदेची जबाबदारी राहतेच.

मग भांडण कशाचं आहे?

कर्णबधिरांच्या संघटना विचारतात, छोट्या चॅनेलचा तोटा शेवटी कुणी सोसायचा? मोठ्या शहरात एका चॅनेलवर कॅप्शन नसले तर दुसरं लावता येतं. छोट्या गावात स्थानिक बातम्या देणारं चॅनेल बहुतेक वेळा एकच असतं. शाळा कधी बंद, पाणी कुठे दूषित, निवडणुकीत कोण उभं, हे तिथेच कळतं. म्हणजे जिथे पर्याय नाही, नेमकी तिथेच सूट.

बातम्यांच्या बाबतीत हा फरक नियमातच दिसतो. अमेरिका २१० टीव्ही बाजारपेठांत विभागलेली आहे. त्यातल्या पहिल्या २५ मोठ्या बाजारपेठांत एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स यांच्या स्टेशनना बातम्यांसाठी खरे थेट कॅप्शन द्यावे लागतात. बाकीच्या ठिकाणी टेलिप्रॉम्प्टरवरचा मजकूर कॅप्शन म्हणून वापरला तरी चालतो. अडचण अशी की निवेदक प्रॉम्प्टर सोडून बोलला, किंवा बातमीदार घटनास्थळावरून उत्स्फूर्त बोलू लागला, की अक्षरं थांबतात. २०१४ मध्ये एफसीसीने यावर अटी कडक केल्या : हवामान, खेळ आणि स्टुडिओतला मजकूर आधी लिहून ठेवा, ऐनवेळच्या बातमीला पट्टी चालवा. त्याच वर्षी कॅप्शनच्या दर्जाचेही चार निकष ठरले : अचूक असावेत, आवाजाशी जुळावेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत असावेत आणि महत्त्वाच्या चित्रावर येऊ नयेत.

छोट्या चॅनेलची बाजूही ऐकायला हवी. जाहिराती इंटरनेटकडे वळल्या आहेत, उत्पन्न घटतंय, वर खर्चाची सक्ती आली तर सगळ्यात आधी स्थानिक कार्यक्रमच बंद होतील, असं त्यांचं म्हणणं असतं. आणि ३० लाखांचा आकडा १९९७ च्या नियमांतला आहे. महागाई धरली तर तेव्हाच्या ३० लाखांची किंमत आज जवळपास निम्म्यावर आली आहे. म्हणजे आकडा तोच राहिला तरी सवलतीचं दार दरवर्षी थोडं अरुंद होत गेलं आहे.

तिसरा मुद्दा तंत्रज्ञानाचा. आवाजावरून आपोआप अक्षरं उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे कॅप्शन पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहेत. त्यामुळे "परवडत नाही" या कारणाचं वजन कमी होतंय. पण यंत्राचे कॅप्शन माणसांची आणि गावांची नावं हमखास चुकवतात, आणि स्थानिक बातमीत तर नावंच महत्त्वाची असतात.

यूट्यूब आणि रील्सचं काय?

२०१० च्या कायद्याने हा नियम इंटरनेटपर्यंत नेला, पण अर्धाच. जो कार्यक्रम अमेरिकेत टीव्हीवर कॅप्शनसह दाखवला गेला, तो नंतर इंटरनेटवर टाकला तर तिथेही कॅप्शन हवेत. जो व्हिडिओ फक्त इंटरनेटसाठीच बनला, त्याला एफसीसीचा हा नियम लागू नाही. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सविरुद्ध खटला भरला तो म्हणूनच अपंगत्वविषयक कायद्याखाली. २०१२ मध्ये समझोता झाला आणि नेटफ्लिक्सने २०१४ पर्यंत सगळ्या व्हिडिओंना कॅप्शन देण्याचं मान्य केलं.

भारतात काय आहे?

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये टीव्हीसारख्या माध्यमांत सांकेतिक भाषा आणि क्लोज्ड कॅप्शन यांचा थेट उल्लेख आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी मानकं जाहीर केली. पण थेट बातम्या आणि थेट खेळ त्यातून वगळले गेले. अमेरिकेत सूट मुख्यतः चॅनेल किती कमावतं यावर बेतलेली आहे, आपल्याकडे कार्यक्रम थेट आहे की नाही, हा मोठा मुद्दा ठरला.

थोडक्यात लक्षात ठेवायचं ते

अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला कॅप्शन दिसत नसतील, तर चॅनेलने "आम्हाला सूट आहे" म्हटल्यावर गप्प बसायची गरज नाही. अडचण आल्यापासून ६० दिवसांच्या आत चॅनेलकडे, केबल कंपनीकडे किंवा एफसीसीकडे लेखी तक्रार करता येते. कोणत्या नियमाखाली सूट घेतली आहे, हे विचारता येतं. कार्यक्रम, तारीख, वेळ आणि चॅनेलचं नाव लिहून ठेवलं की काम सोपं होतं.

आणि "छोट्यांना नियम नाही" अशी पोस्ट दिसली, तर खरा नियम एवढाच आहे : छोट्या चॅनेलला नव्या कॅप्शनसाठी पैसे खर्च करण्याची सक्ती नाही, तीही त्या वर्षापुरती. आलेले कॅप्शन दाखवावे लागतात, आणि संकटाची सूचना तर सगळ्यांना दिसलीच पाहिजे.